वेढ्याच्या चित्राखालची कापलेली पट्टी

चौकट_गणपतगल्ली

मंडळी, नमस्कार. दोन-तीन वर्षं इथं नुसतं वाचत होतो. गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली आणि राहवलं नाही, म्हणून हा पहिलाच धागा. लांबलाय, सवडीनं वाचा.

बेळगावात गणपत गल्लीच्या अंगाला आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. देवादिकांचे फोटो, लग्नाचे फोटो, सर्टिफिकेटं हे रोजचं काम. पण शहापूर, खडेबाजार, कॅम्प इथल्या जुन्या घरांतून अधूनमधून जुनी छापील चित्रंही येतात. काच फुटलेली, मागच्या पुठ्ठ्याला वाळवी, कागदावर तांबूस डाग. चार वर्षांपूर्वी शहापूरच्या एका वाड्यातून असंच एक मोठं चित्र आलं होतं. पडलेला तट, खिंडारातून वर चढणारे गोरे शिपाई, चहूकडे धूर, मधोमध त्यांचा सेनापती. खाली बारीक इंग्रजी अक्षरांची पट्टी. ते श्रीरंगपट्टणच्या, म्हणजे टिपू सुलतानाच्या राजधानीवरच्या हल्ल्याचं चित्र होतं, ४ मे १७९९ चं.

गेल्या सोमवारी तेच चित्र आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. मजकूर : ‘कित्तूरचा वेढा, १८२४. विसरू नका हा पराक्रम.’ (कित्तूर म्हणजे आमच्याच भागातलं राणी चन्नम्मांचं संस्थान, त्या साली ते इंग्रजांशी लढलं.) संध्याकाळी माझ्या एका कन्नड मित्रानंही तेच पाठवलं, त्याच्या ग्रुपवरून, कन्नड मजकुरासह. दोघांनीही मनापासून, अभिमानानं पाठवलं होतं. दोन्हीकडे चित्राची खालची पट्टी कापलेली होती.

मी रात्रभर अस्वस्थ होतो. त्या चित्रात पराक्रम गाजवतोय तो इंग्रज. तटाच्या आतली माणसं एक तर पडलेली आहेत, नाही तर धुरात अर्धी बुडालेली. आपल्याकडच्या लढ्याला मान द्यायचा म्हणून आपण जे चित्र पाठवलं, ते इंग्रजांनी स्वतःचा गौरव करायला काढून घेतलेलं. आणि हे कळायला त्या पट्टीशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून आधी पट्टीबद्दल सांगतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या जुन्या चित्रांत चौकटीच्या खाली डावीकडे मूळ चित्रकाराचं नाव असतं. त्यापुढं ‘पिंक्स.’ असेल तर त्यानं रंगवलं, ‘डेल.’ असेल तर रेखाटलं. उजवीकडे ‘स्कल्प.’ पुढं कोरणाऱ्याचं नाव. मध्ये शीर्षक, कधी एखाद्या लॉर्डचं राजचिन्ह आणि ‘यांच्या चरणी सविनय अर्पण’ अशी ओळ. सगळ्यात खाली कोणी, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या तारखेला प्रसिद्ध केलं ते. इंग्लंडात हुबेहूब नक्कल करून विकणाऱ्यांविरुद्ध १७३५ साली कायदा झाला, त्यानुसार संरक्षण हवं तर प्रकाशनाची तारीख छापावी लागे. थोडक्यात, चित्र कोणी मागितलं, कोणाला खूश करायचं होतं, कधी विकायला काढलं, हे बहुतेक वेळा तिथं सरळ लिहिलेलं सापडतं.

आमच्या वाड्यातल्या चित्राच्या पट्टीवर डावीकडे रॉबर्ट कर पोर्टर, उजवीकडे व्हेंड्रामिनी. हा पोर्टर कोण? १७७७ चा जन्म. श्रीरंगपट्टण पडल्याची बातमी लंडनला पोचली तेव्हा बाविशीतला पोरगा. हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलेलं नाही. त्यानं १८०० साली लंडनच्या लायसियम सभागृहात १२० फुटांहून लांब कापडावर हा हल्ला रंगवून मांडला, आणि तेही दीड महिन्यात पुरं करून. लोक तिकीट काढून बघायला जात. समोर अर्धवर्तुळाकार चित्र, आपण जणू इंग्रजांच्या मोर्च्यातच उभे. मग १८०२-०३ च्या सुमारास व्हेंड्रामिनीनं त्याच चित्राचे भाग ठिपक्याठिपक्यांनी तांब्यावर कोरले. ते मूळ कापड पुढं नष्ट झालं. उरली ती ही छापचित्रं, आणि तीच घरोघरच्या भिंतींवर गेली.

आता हेतू बघा. टिपूशी झालेल्या लढायांत कंपनीचा पैसा पाण्यासारखा गेला होता आणि १७८० मध्ये पोल्लिलूरला कर्नल बेलीची अख्खी फौज हैदर-टिपूनं कापली होती. ती नामुष्की लंडनला सलत होती. अशा वेळी लोकांना ‘आपण जिंकलो’ हे वाचून नव्हे, डोळ्यांनी बघून पटायला हवं होतं. चित्राच्या मधोमध जनरल बेअर्ड आहे. तो स्वतः पोल्लिलूरला पकडला जाऊन साडेतीन वर्षांहून जास्त काळ श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात होता. कैद्यानं येऊन तुरुंगच जिंकला, अशी ही कथा. पुढं १८३९ मध्ये डेव्हिड विल्की या चित्रकारानं टिपूचा देह सापडल्याचा प्रसंग रंगवला, तोही बेअर्डच्या विधवेनं सांगितल्यावरून. त्यात बेअर्डच्या पायाखाली तळघराची जाळी काढलीय. बघणाऱ्याला न सांगता कळावं की हाच तो तुरुंग.

कंपनीनं पदकही पाडलं. एका बाजूला ब्रिटिश सिंह वाघाला खाली दाबतोय (वाघ म्हणजे टिपू, हे त्या काळी पोरालाही ठाऊक), दुसऱ्या बाजूला तटावरचा हल्ला. पदावर जसा माणूस तसा धातू : वरच्यांना सोनं, शेवटच्या शिपायाला कथील. शिपाई ते गळ्यात घालून गावी गेले. चित्र असं खेड्यापर्यंत पोचतं.

पण टिपूही यात मागं नव्हता हे सांगितलं पाहिजे. श्रीरंगपट्टणला दरिया दौलत बागेच्या भिंतीवर त्यानं पोल्लिलूरचा विजय रंगवून घेतला, १७८४ मध्ये. बेली पालखीत बसलाय, त्याच्याभोवती लाल डगल्यांचा चौकोन, दारूच्या गाड्याचा स्फोट झालाय, आणि हैदर-टिपू हत्तीघोड्यांवर शांत, एक पापणी हललेली नाही. श्रीरंगपट्टण जिंकल्यावर इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली त्याच बागेत राहिला आणि त्यानं ते चित्र दुरुस्त करून घेतलं. पुढं गव्हर्नर-जनरल डलहौसीनंही ते पुन्हा रंगवायला लावलं. स्वतःच्या पराभवाचं चित्र जपायला हात आखडला नाही, कारण तोवर ते त्यांचंच झालं होतं. शत्रू किती मोठा होता हे त्यातून दिसत होतं.

आता माझ्या मनातली सल. आमच्या धंद्यात चित्र फ्रेमच्या मापात बसवायला कडा कापायची पद्धत होती. पट्टी जुन्या इंग्रजीत, डागाळलेली, कोणाला वाचायची नसे. ‘तेवढं खालचं काढून टाका, नीट दिसेल,’ असं गिऱ्हाईकच सांगे. लहानपणी मी स्वतः पट्टी धरून ब्लेड चालवलंय. किती चित्रांची ओळख आमच्या टेबलाखाली कचऱ्यात गेली असेल, याचा विचार आला की झोप उडते. व्हॉट्सअ‍ॅपवर जे झालं तेच आम्ही काच-पट्टीच्या काळात करत होतो.

तुमच्या घरी, शाळेत, देवळाच्या सभामंडपात असं वेढ्याचं, लढाईचं जुनं छापील चित्र असेल तर इथं सांगा. नीट बघू.

---

खानापूर_गाडी

दादा, लै चांगलं लिवलायसा. मी नंदगडच्या बाजूचा. आमच्याकडं कित्तूरच्या राणीचा शूर शिपाई संगोळ्ळी रायण्णा, त्याला फाशी दिलेली जागा हाय, १८३१ ची. लोक तिथं नवस बोलत्यात, पाळणं बांधत्यात. मराठी माणूस बी जातो, कन्नड माणूस बी जातो. तिथं कुणी भाषा इचारत न्हाई.

माझा प्रश्न साधा हाय. कित्तूरचं खरं चित्र मग कुठं हाय? २३ ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे साहेब मारला गेला, एवढी मोठी गोष्ट. इंग्रजांनी त्याचं चित्र का काढलं न्हाई?

---

चौकट_गणपतगल्ली

@खानापूर_गाडी, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

कित्तूरला आधी इंग्रज हरले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे पडला, स्टीव्हन्सन आणि इलियट हे दोन अधिकारी राणी चन्नम्मांच्या कैदेत गेले. डिसेंबरात मोठी फौज आणून त्यांनी किल्ला घेतला, तेव्हाही सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो मारला गेला. आणि भांडण कशावरून? दत्तकाला मान्यता द्यायची की नाही यावरून. लंडनला चित्र विकायचं तर लोकांना पटेल असा खलनायक लागतो. टिपू वीस वर्षं इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत होता, त्याला लोक नावानं ओळखत. विधवा राणी आणि दत्तकाचा कागद घेऊन कोण तिकीट काढणार? शिवाय राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये त्या वारल्या. फाशी नाही, लिलाव करायला वाघाचं सिंहासन नाही. मला तरी असं वाटतं की ज्या लढाईचं चित्र काढून घेणाऱ्याला लाभ नाही, ती लढाई चित्रात येतच नाही. आपण आज कॅलेंडरवर राणींचं घोड्यावरचं जे चित्र बघतो ते पुष्कळ नंतरच्या चित्रकारांनी श्रद्धेनं काढलेलं आहे.

कित्तूर राहिलं ते लावण्यांत, कन्नड लावण्यांत (आपल्या पोवाड्यासारखी गाणी ती). त्या गाणाऱ्याला कोणी राजचिन्ह दिलं नव्हतं.

---

मलप्रभेकाठची

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी माहेरची धारवाडची, आता सौंदत्तीत. इतिहास शिकवते. आमच्या घरात मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळं दोन्हीकडची पुस्तकं हाताखालून गेली आहेत.

चित्रांइतकीच शब्दांतली चित्रंही तपासली पाहिजेत असं वाटतं, म्हणून धारवाडच्या वेढ्याचं सांगते. तेव्हा मराठे आणि इंग्रज मिळून टिपूशी लढत होते. १७९० च्या सप्टेंबरात मराठ्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडवर आले. किल्ला टिपूच्या बदरुज्जमान खानाकडं. भाऊंच्या मदतीला मुंबईकर कंपनीच्या पलटणी, कॅप्टन लिटलच्या हाताखाली. किल्ला पडला थेट १७९१ च्या एप्रिलात. सात महिने! त्या पलटणीतल्या मूर नावाच्या लेफ्टनंटनं पुढं १७९४ मध्ये लंडनला जाडजूड पुस्तक छापलं, चित्रं आणि नकाशांसह. त्यात मराठ्यांच्या तोफखान्याचं वर्णन आहे : तोफ भरायची, मग सगळ्यांनी बसून अर्धा तास गप्पा मारायच्या, चिलीम ओढायची, मग तोफ डागायची, धूळ उडाली की समाधान मानायचं, पुन्हा भरायची, पुन्हा गप्पा. दुपारी जेवणासाठी दोन्ही बाजूंनी तोफा बंद.

हे वर्णन नंतरच्या इंग्रज इतिहासकारांनी उचललं आणि ‘मराठ्यांना वेढा येत नाही’ हे ठरून गेलं. आता मूर खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. तो तिथं होता, त्यानं पाहिलं असेल. पण भाऊंचं गणित वेगळं असू शकतं ना? दारू मर्यादित, मोठ्या तोफा जुन्या, आणि आतल्या शिबंदीचं धान्य संपायची वाट बघणं हा आपल्याकडं वेढ्याचा रीतसर मार्ग होता. शेवटी किल्ला तहानंच हाती आला. म्हणजे भाऊंची रीत चालली. पण छापलं गेलं ते चिलमीचं चित्र, कारण छापखाना लेफ्टनंटच्या देशात होता.

आणखी एक. १७९२ मध्ये टिपूशी तह झाला त्या वेळी श्रीरंगपट्टणपुढं पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके होते, मराठ्यांची आणि निजामाची फौज होती. टिपूचं अर्धं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये तिघांत वाटून घेतले. पण त्या मोहिमेतलं जगात गाजलेलं चित्र कोणतं? इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस टिपूच्या दोन लहान मुलांना ओलीस ठेवून घेतोय ते. रॉबर्ट होमनं काढलं, मॅथर ब्राउननं काढलं, कितीतरी जणांनी काढलं. आठ-दहा वर्षांच्या पोरांचा हात धरणारा प्रेमळ साहेब. ओलीस म्हणजे काय, याचा त्या चित्रांत लवलेश नाही. मी वर्गात ते चित्र दाखवते आणि मुलांना विचारते, ‘या मुलांची आई कुठं असेल?’ वर्ग एकदम गप्प होतो.

---

अनगोळकर७२

वाचतोय. पण जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

‘प्रचार’ हा शब्द मला जड वाटतो. चित्रकाराला पोट असतं. पैसे देणारा सांगेल ते तो काढणार. आपले पोवाडेही कोणी तरी सांगून रचून घेतलेले, शाहिराला सोन्याचं कडं मिळालेलं. त्यात शत्रू काळाकभिन्न आणि आपला वीर सिंहासारखा. मग आपला पोवाडा म्हणजे इतिहास आणि त्यांचं छापचित्र म्हणजे प्रचार, असं कसं? आणि दुसरं, कोरणारा कारागीर बिचारा महिनोन्‌महिने तांब्यावर मान मोडून बसतो. त्याच्या कलेला आपण राजकारणात ओढतोय का?

---

चौकट_गणपतगल्ली

@अनगोळकर७२ काका, राग कसला. पोवाड्याचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पोवाडाही पट्टीसकट ऐकावा. रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असतंच.

कारागिराबद्दल मात्र एक सांगतो, कारण त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. कोरताना सगळं उलटं कोरावं लागतं, छापल्यावर सुलटं व्हावं म्हणून. अक्षरंसुद्धा उलटी. थोडं चुकलं तर सैन्यच्या सैन्य डावखुरं होतं! त्या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो लोरेन प्रांतातला झाक कॅलो. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस. स्पेनच्या बाजूनं राज्य करणाऱ्या इसाबेलानं त्याला ब्रेडाच्या वेढ्याचं चित्र सांगितलं. ब्रेडा हे डचांचं शहर, १६२५ मध्ये स्पिनोलानं उपाशी मारून घेतलं. कॅलोनं सहा तांब्याचे पत्रे जोडून एक अवाढव्य चित्र केलं. वरच्या भागात शहर नकाशासारखं, आकाशातून पाहिल्यागत, चर, मोर्चे, छावण्या मोजून काढलेल्या. खाली पुढ्यात माणसं : घोडेस्वार, सामानाचे गाडे, लुटीला निघालेले शिपाई, बायकापोरं. नकाशाचा भाग खरा वाटला की उरलेलंही आपण खरं मानतो. नकाशा आणि कथा एकाच कागदावर आणायची ही युक्ती पुढं युरोपभर चालली.

ते चित्र बघून फ्रान्सच्या राजानं, तेराव्या लुईनं, ला रोशेलच्या वेढ्याचं चित्र त्याच्याकडून करून घेतलं. ला रोशेल हे प्रोटेस्टंटांचं बंदर. कार्डिनल रिशल्यूनं समुद्रात बांध घालून त्याची रसद तोडली. वेढा सुरू झाला तेव्हा शहरात २७ हजारांच्या आसपास माणसं होती, १६२८ मध्ये दरवाजे उघडले तेव्हा सुमारे ५ हजार उरली होती. चित्रात तो बांध दिसतो, आरमार दिसतं, राजाचा दिमाख दिसतो. बावीस हजार माणसं तटाच्या आत कशी संपली ते दिसत नाही, कारण चित्र बाहेरून काढलंय. काका, मी प्रचार म्हणतो तो याला. रेष न्‌ रेष खरी असेल, पण बघणाऱ्याला उभं कुठं केलंय?

आता तुमच्या कारागिराकडं येतो. १६३३ मध्ये लुईनं कॅलोचंच गाव, नान्सी, घेतलं आणि त्याला सांगितलं, याचंही चित्र काढ. तेव्हा कॅलो म्हणाला म्हणे, की आधी मी माझा अंगठा कापून घेईन. हे नंतरच्या चरित्रकारांनी सांगितलेलं आहे, पण नान्सीच्या वेढ्याचं चित्र त्यानं काढलं नाही हे खरं. त्याच वर्षी त्यानं तळहाताएवढ्या अठरा चित्रांची माला काढली, युद्धातल्या हालांची. शेतकऱ्याचं घर लुटणारे शिपाई, एकाच झाडाला लटकलेली वीसेक प्रेतं, भीक मागणारे लंगडे शिपाई. ब्रेडाच्या चित्रात मुंगीएवढी असलेली माणसं इथं जवळ आली. हात तोच होता.

(ब्रेडा बारा वर्षांनी, १६३७ मध्ये, डचांनी परत घेतलं. चित्र मात्र विजयाचंच राहिलं.)

---

आंबोली_उतार

मी मूळचा सावंतवाडीकडचा, नोकरीमुळं टिळकवाडीत. विजयदुर्गाचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, ते त्याला घेरिया म्हणत. त्याचं गाजलेलं चित्र डॉमिनिक सेरेस या आरमारी चित्रकाराचं, घटनेनंतर पंधरा वर्षांनी काढलेलं. शिडांची मोठी जहाजं, तोफांचा धूर, मागं किल्ला. इंग्रजी मजकुरात तुळाजी आंग्रे ‘चाचा’. बास, एका शब्दात माणूस निकालात. कान्होजींपासून आंग्रे दस्तक (समुद्रातून जायचा परवाना) मागत होते, ज्याच्याकडं दस्तक नाही ते जहाज पकडत होते, हे सगळं त्या शब्दाखाली गाडलं गेलं. तेच पोर्तुगीज करायचे तेव्हा त्याला कायदा म्हणत.

आणि बोचणारी गोष्ट ही, की जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज त्याच वेढ्यात इंग्रजांच्या जोडीला होती. आपल्याच आरमाराच्या नाशाला आपला हातभार. किल्ला पडल्यावर इंग्रजांनी आतली सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटून घेतली आणि पेशव्यांच्या हाती काही लागू दिलं नाही. चित्रकार समुद्रात उभा असल्यामुळं पेशव्यांची लाजही झाकली गेली आणि इंग्रजांची लबाडीही.

त्याआधी वर्षभर सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कमोडोर जेम्सच्या नावानं त्याच्या बायकोनं लंडनजवळ टेकडीवर एक तिकोनी मनोराच बांधलाय, १७८४ मध्ये. नाव ‘सेव्हर्नड्रूग’. आपला सुवर्णदुर्ग तो. दापोलीच्या समुद्रातला किल्ला लंडनच्या टेकडीवर इंग्रजी कपड्यात उभा.

---

मलप्रभेकाठची

@आंबोली_उतार, ‘बोचणारी गोष्ट’ म्हणालात म्हणून धीर करून लिहिते. आमच्या बैलहोंगल भागात बेळवडी आहे. १६७८ मध्ये कर्नाटकातून परतताना शिवाजी महाराजांच्या फौजेनं बेळवडीच्या गढीला वेढा घातला. आत मल्लम्मा, मराठी बखरींत सावित्रीबाई. एवढीशी गढी सत्तावीस दिवस लढली. धारवाडजवळ यादवाडला मारुतीच्या देवळापाशी एक कोरीव शिळा आहे. लोकपरंपरा अशी, की महाराजांनी तिला सन्मानानं सोडलं, राज्य परत दिलं, आणि तिनं ती शिळा घडवून घेतली. वर घोड्यावर महाराज, खाली मांडीवर मूल घेतलेले महाराज.

मी ही शिळा लहानपणी आजोबांबरोबर पाहिली. आज विचार करते तेव्हा वाटतं, वेढ्याचंच चित्र आहे हे, पण वेढा त्यात नाहीच. तोफ नाही, शिडी नाही, पडलेला तट नाही. वेढ्यात सापडलेल्या बाईनं, आतल्या माणसानं, घडवून घेतलेलं चित्र, निदान परंपरा तरी तसं सांगते. यातही राजकारण आहेच. घोडा आहे, सत्ता आहे. ‘तू मोठा आहेस, आता मोठ्यासारखा वाग’ असं दगडात कोरून बजावलेलं. पण तिनं निवडलेला क्षण बघा. मांडीवरचं मूल.

आपल्या शिवारातले वीरगळही मला याच दृष्टीनं बघावेसे वाटतात. खालच्या थरात लढाई, मधल्या थरात अप्सरा वीराला वर नेतायत, वरती शिवलिंगापुढं तो हात जोडून, आणि माथ्याला चंद्रसूर्य. मेलेल्याच्या गावानं घातलेला दगड. आम्ही त्यांना शेंदूर फासतो, कुठं त्यांवर कपडे धुतो, पण निदान खालचा थर कोणी कापून नेला नाही.

---

अनगोळकर७२

मलप्रभेकाठच्या ताई, यादवाडला जाऊन येतो. चौकटदादा, कॅलोचं वाचून माझा मुद्दा थोडा मागं घेतो. थोडाच. बघणाऱ्याला उभं कुठं केलंय, हे लक्षात ठेवीन.

एक नोव्हेंबर जवळ आलाय, कन्नडिगांचा राज्योत्सव आणि आपला काळा दिवस. दोन्हीकडचे फ्लेक्स लागतील, त्यावर जुन्या लढायांची चित्रं असतील. छापायला देणाऱ्या पोरांपैकी दोघं माझे विद्यार्थी आहेत. त्यांना हा धागा पाठवलाय.

---

निपाणीची_लेक

काका, आज दुपारी तुमचा धागा वाचला आणि उठून माजघरातली आजोबांची फ्रेम खाली काढली. लढाईचं चित्र आहे, आम्ही लहानपणापासून त्याला ‘पानिपत’ म्हणत आलोय. खालची पट्टी नव्हती. मागचा पुठ्ठा सोडवला तर पट्टी कापलेली नाहीये! माऊंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) मागं दुमडून चिकटवलीय. थोडी सुटली तेवढं वाचलं : इंग्रजीत ‘दिल्ली’ आणि ‘१८५७’ दिसतंय. कागद पातळ आहे, मागच्या बाजूला दाट छापील मजकूर आहे, तीन स्तंभांत. चित्राच्या आरपार तीन-चार सरळ पांढऱ्या बारीक रेघा आहेत, उभ्या-आडव्या. त्या चिरा आहेत का? कागद फाटतोय का? आजोबांनी दुमडलं असेल की दुकानदारानं?

---

चौकट_गणपतगल्ली

@निपाणीची_लेक, आधी हे : आता आणखी सोलू नका. डिंक जुना आहे, कागद सोबत येईल. पाणी लावू नका, सेलोटेप तर अजिबात नको.

रेघा म्हणजे चिरा नाहीत. हे तांब्यावरचं नाही, लाकडावर कोरलेलं चित्र असावं. लंडनची सचित्र साप्ताहिकं १८४२ पासून निघू लागली. बातमी शिळी व्हायच्या आत मोठं चित्र छापायचं तर शिसवासारख्या टणक बॉक्सवूडचे लहान लहान ठोकळे बोल्टनं जोडून त्यावर चित्र रेखाटत, मग ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना रात्रीत कोरायला देत, आणि पुन्हा जोडून छापत. जोड जिथं नीट बसला नाही तिथं शाई लागत नाही, पांढरी रेघ राहते. मागचा मजकूर म्हणजे त्याच आठवड्याच्या बातम्या. तुमच्या हातात चित्र आणि त्याच्यामागची बातमी दोन्ही आहे, हे फार दुर्मीळ.

दिल्लीचा वेढा असेल तर चित्रकार बहुधा शहराबाहेरच्या टेकाडावर, इंग्रजी तोफांच्या बाजूला उभा असेल. त्या साप्ताहिकांनी पुढं लखनौही असंच दाखवलं. त्याच काळात, १२ जून १८५८ ला, नरगुंदच्या भास्करराव भाव्यांना इथं बेळगावात फाशी झाली. मागच्या बाजूच्या मजकुरात काय आहे ते आपण सावकाश वाचू. मलप्रभेकाठच्या ताईंनाही बोलावू.

कोणी दुमडलं ते घडीवरून कळेल. ब्लेडनं आधी हलकी रेघ मारून दुमडली असेल तर दुकानदार, नुसती बोटानं दाबली असेल तर घरचा माणूस. ज्यानं केलं त्याला कापवलं नाही, एवढं नक्की.

फ्रेम काचेसकट आडवी ठेवून, वर-खाली दोन साधे पुठ्ठे लावून आणा. उभी बांधून एसटीत आणू नका. रविवारी दुकान बंद असतं, पण मी मागच्या दारानं उघडीन. वाफेवर घडी सोडवायला दीड-दोन तास लागतील, जेवून या.